पहिला गोळा देवाला

सरका मंडळी, पुढे सरका. देवासमोरची जागा रिकामी आणि खांबाला टेकायची जागा भरलेली, हे मी जाईन त्या गावात बघतो. नाम झालं, भजन झालं, पूर्वरंगात मी तुमच्यातल्या चार-पाच जणांना छान झोपही लावून दिली. आता आख्यान! आता झोपायचं नाही. पेटीवाले, तुम्हीसुद्धा.

आधी एक प्रश्न विचारतो. मनापासून उत्तर द्या. देवाला काय आवडतं? मोठ्याचं मोठं काम, की लहानाचं लहान काम?

लहानाचं! बघा, कसा एका सुरात आवाज आला. पण मंडळी, राग मानू नका, तुम्ही खोटं बोललात. आणि तेही देवळात! तुम्हाला खरंच तसं वाटत असतं, तर दारावरच्या त्या पाटीवर पंखे देणाऱ्यांची नावं नसती. रोज सकाळी हे आवार झाडणाऱ्या बाईचं नाव असतं. काय हो तिचं नाव? अध्यक्ष, तुम्ही सांगा. नाही ना माहीत? राहू द्या. मलाही माहीत नाही, आणि मी इथे गेली सात वर्षं येतोय.

म्हणजे खरा प्रश्न वेगळाच आहे. चिमूटभर कामाने, रोजच्या रोज, कुणी बघत नसताना केलेल्या कामाने खरंच काही होतं का? की आपलं कीर्तनात म्हणायला बरं म्हणून म्हणायचं? ऐका तर मग.

एक गाव होतं. आंबेखार म्हणा. खरं नाव सांगत नाही, कारण पुढच्या महिन्यात तिथेही माझं कीर्तन आहे. गावाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती, आणि दोघींच्या मध्ये मातीचा बांध. पुरुषभर उंच, पाऊण कोस लांब. भरती आली की खाडीचं पाणी शेतापेक्षा उंच चढतं. म्हणजे गाव वर्षभर जो भात खातं तो त्या बांधाच्या कृपेने! अमावस्या-पौर्णिमेला तर उधाण. बांध कुठे फुटला तर तिकडे म्हणतात, खांड पडली. एकदा खांड पडून खारं पाणी शेतात शिरलं की तीन वर्षं तिथे भाताचं रोप उभं राहत नाही. तीन वर्षं!

आणि हा बांध फोडतो कोण? समुद्र? छे हो. चिंबोरी! खेकडा. तुम्ही ज्याचा रस्सा भुरकता तोच. तो बांधात बोटाएवढं बीळ करतो. बिळातून पाणी झिरपतं, झिरप्याची धार होते, धारेची खांड होते. समुद्र बिचारा नुसता बाहेर उभा असतो, वाट बघत.

पूर्वज शहाणे होते. त्यांनी नेम घालून दिला की दर अमावस्येला घरटी एका माणसाने टोपलीभर चिखल घेऊन बांधावर यायचं आणि बिळं बुजवायची. बांधाच्या आतल्या अंगाला एक देव होता, शेंदूर लावलेला दगड. बांधेश्वर त्याचं नाव. पूर्वज सांगून गेले, “पहिला गोळा देवाला, मग बांधाला.” पाच शब्द, मंडळी! पण आपल्याला पाच शब्द म्हणजे फार होतात. आपल्या लक्षात तीनच राहतात.

पहिला गोळा देवाला! झालं. गाव देवाला गोळा वाहायचं आणि घरी जायचं. कारण बांधावर ऊन, बांधावर चिखल. देवाजवळ सावली, आणि नंतर खोबऱ्याचा प्रसाद.

मग काय झालं? टोपलीचा गोळा झाला. गोळ्याचा लाडू झाला. लाडवाचा पेढा झाला! बाया तो पेढा तबकात घालून आणायला लागल्या. त्याला हळदीकुंकू आलं. मग कुणीतरी वर तुळशीचं पान खोचलं, तर पुढच्या अमावस्येला शेजारणीने झेंडूचं फूल खोचलं. हसू नका ताई, तुमच्याकडे गौरीला काय चालतं ते मला ठाऊक आहे. अशी चाळीस वर्षं गेली. साठ घरांचे गोळे साठत साठत देवाच्या अंगावर टेकडी झाली. शेंदराचं डोकं तेवढं वर दिसायचं. पावसात देवाची माती वाहून जाऊ नये म्हणून गुरवाने वर झावळ्यांचं छप्पर केलं. बांधावर छप्पर नव्हतं.

अजून गंमत पुढेच आहे. देवाला गोळा म्हणजे माती कशी हवी? मऊ, खड्याविना. अशी माती कुठे मिळते? देवाच्या मागेच, बांधाच्या पायथ्याशी! मग सगळं गाव तिथूनच माती उकरायचं. म्हणजे देवा, आमचा बांध राख, असं म्हणायला लागणारी माती गाव बांधातूनच काढायचं. काय भक्ती! त्या देवाला हात असते तर त्याने कपाळाला लावले असते.

या गावात बामी नावाची बाई होती. बामी घरत. विधवा, पन्नाशीला आलेली, मूलबाळ नाही. नवऱ्यामागे तिला एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे बांधाला लागून असलेला शेताचा एक तुकडा. दहा गुंठे. त्यावर तिचं वर्षाचं पोट. गावाच्या दृष्टीने ही बाई कोण? कुणी नाही. लग्नात पंगतीला शेवटी, मयताला पाणी तापवायला सर्वांत आधी. अशी माणसं प्रत्येक गावात असतात, आणि त्यांच्याशिवाय गावाचं एकही कार्य पार पडत नाही.

ज्येष्ठातली अमावस्या. बामी तळहातावर गोळा घेऊन देवाकडे निघाली होती. वाटेत तिचं शेत. बघते तर बांधातून शेतात पाण्याची करंगळीएवढी धार. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. खारं! पेरलेला राब, म्हणजे भाताची कोवळी रोपं, दोन हातांवर होता. इकडे तिकडे बघितलं, कुणी नाही. हातात काय आहे? देवाचा गोळा. तिने तो बिळात कोंबला, टाचेने दाबला, धार थांबली. मग रिकाम्या हाताने देवाजवळ गेली आणि नमस्कार करून उभी राहिली.

आता बांधाची एक पंचायत होती. पाच माणसं, आणि पाचांत मिळून डोकं एक, काथोर पाटलाचं. माणूस वाईट नव्हता हो. वाईट माणसांच्या गोष्टी सोप्या असतात, त्यांना नावं ठेवली की आपण मोकळे. काथोर पाटील नेमाधर्माचा, शब्दाचा पक्का, कुणाच्या अडीअडचणीला धावणारा. त्याने विचारलं, बामी, तुझा गोळा कुठे?

ती म्हणाली, “पानी आत येत होता. हातान गोला होता. भोकान घातला.”

धाकू गुरवाने कानांवर हात ठेवले. देवाचा गोळा, चिंबोरीच्या भोकात! बायांनी पदर तोंडाला लावले. पंचायत तिथल्या तिथे बसली. एकाने विचारलं की मुळात गोळ्याचा उद्देश काय आहे? त्याला सगळ्यांनी गप्प केलं. असे प्रश्न विचारणारा एक माणूस प्रत्येक कमिटीत असतो आणि पुढच्या वर्षी तो कमिटीत नसतो.

निकाल लागला. बामीची ही अमावस्या धरली जाणार नाही. आणि पंचायतीचा जुना नियम होता, लागोपाठ तीन अमावस्या ज्याच्या चुकतील त्याचं शेत गावाकडे जमा. तुम्ही म्हणाल, बुवा, त्यात काय, पुढच्या अमावस्येला दोन गोळे न्यायचे. एक देवाला, एक बिळाला. बामीला हे सुचलं नसेल असं वाटतं तुम्हाला? तिने तेच विचारलं! पण गुरवाने शास्त्र काढलं. जो हात चिंबोरीच्या बिळात गेला तो देवाला चालत नाही. बिळं बुजवणं सोडायचं, पंचगव्य घ्यायचं, मग गोळा वाहायचा. नाही तर नाही.

कळतंय का मंडळी, बाईची कशी कोंडी झाली? बिळं बुजवली तर नियमाने शेत जाणार. नाही बुजवली तर खाऱ्या पाण्याने शेत जाणार. काथोर पाटील स्वतः तिच्या दारात गेला, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. समजावलं तिला. म्हणाला, सोड हा नाद, तुझ्या एका गोळ्याने काय होतंय, बांध पाऊण कोसाचा आहे. गोळा देवाला वाहा, शेत तुझ्या नावावर राहील.

बामी सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, “शेत माजे नावाव रायला न आत खारा पानी भरला, त मी काय नाव शिजवून खाऊ, पाटील?”

पाटलाने वहाणा पायात सरकवल्या. जाता जाता म्हणाला, तुझी मर्जी.

आणि बामीचा नेम सुरू झाला. रोज एक गोळा. दहा नाही, शंभर नाही, एक. बांधाला हात न लावता खाडीच्या बाजूचा गाळ ती आणायची, त्यात पेंढा चुरून मळायची, आणि बीळ शोधून ठोकून बसवायची. पहिल्या दिवशी एक बुजवलं. दुसऱ्या दिवशी शेजारी नवं! चिकाटी बघायची ना मंडळी, तर चिंबोरीची बघा. तिला ना पंचायत, ना अमावस्या, ना सत्कार. बामी बुजवायची, चिंबोरी उकरायची. लोक बांधावरून जाताना विचारायचे, काय बामी, कोण जिंकतंय? ती म्हणायची, आज चिंबोरी. पण मग तिच्या ध्यानात आलं, पेंढा घातलेला चिखल वाळला की चिंबोरीची नांगी त्यात अडकते. दोनदा अडकली की ती चिंबोरी त्या जागेला पुन्हा येत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही. वीस-पंचवीस वेळा हरल्यावर ते आपोआप कळतं. आपण तिसऱ्या वेळेला हरतो आणि म्हणतो, आमच्या नशिबातच नाही.

आषाढातली अमावस्या गेली. दुसरी चूक लागली. तिचा गोळा गुरवाने तबकातसुद्धा घेतला नाही. ती परत आली आणि तो गोळा बिळात ठोकला. मला सांगा, तिला वाईट वाटलं नसेल? फार वाटलं. ती देव मानणारी बाई होती. सगळं गाव देवाजवळ आणि आपण बांधावर एकटी, हे सोपं नसतं. ती ठोकता ठोकता रडायची, असं सांगतात. पण ठोकायची.

श्रावणातली अमावस्या आली. भात गुडघ्याएवढं उभं. भर दुपार, उधाणाची भरती, त्यात वारा सुटलेला, पाऊस कोसळतोय. सगळं गाव देवाजवळ छपराखाली दाटीवाटीने, हातात आपापली तबकं. बामीही आली होती, तळहातावर गोळा घेऊन, छपराच्या बाहेर. गुरवाने मान फिरवली. काथोर पाटील उठला, घसा साफ केला आणि सांगायला लागला की नियम सगळ्यांना सारखा, बामी घरतची तिसरी अमावस्या चुकली, सबब तिचं शेत…

पाटलाच्या पायाला पाणी लागलं.

त्याने खाली बघितलं. सगळ्यांनी खाली बघितलं. पाणी कुठून येतंय? बामीच्या बाजूने नाही हो! तिकडचा बांध धड, एक थेंब झिरपत नव्हता. पाणी येत होतं देवाच्या मागून, जिथून गावाने चाळीस वर्षं गोळ्यासाठी माती उकरली होती तिथून. बांधाचा पाया तिथे पोकळ झाला होता. बघता बघता मनगटाएवढी धार मांडीएवढी झाली. आणि समोर शेत कुणाचं? काथोर पाटलाचं. त्यानंतर सगळ्या गावाचं.

आता दृश्य बघा. साठ घरांची साठ माणसं, प्रत्येकाच्या हातात एक गोळा. आणि प्रत्येकाच्या मनात एकच विचार, माझ्या पेढ्याएवढ्या गोळ्याने काय होणार? एक जण म्हणाला, पोती आणा. दुसरा म्हणाला, सरकारी साहेबाला कळवा. तिसरा देवाला नवस बोलला. हललं कुणी नाही.

बामी हलली. तिने हातातला गोळा धारेच्या तोंडात नेऊन घातला. गेला वाहून! एका क्षणात. लोकांनी बघितलं, म्हणाले, बघा, आम्ही म्हणत होतो ना. मग ती वळली. तिने देवावरची टेकडी बघितली. चाळीस वर्षांची माती, छपराखाली राखलेली, धारेपासून चार पावलांवर. ती गेली आणि तिने दोन्ही हात त्या मातीत खुपसले. धाकू गुरव ओरडला, देवाचं आहे ते!

बामी म्हणाली, “चालीस वरसां पयला गोला झाला. आता दुसरा.”

एवढंच. आणि ओंजळ भरून धारेत टाकली. तीही वाहून गेली. दुसरी टाकली. तिसरी. चौथी ओंजळ टाकली तेव्हा तिच्या शेजारी आणखी दोन हात आले. काथोर पाटलाचे! शेत त्याचं होतं म्हणून आले, की लाज वाटली म्हणून आले? मला विचारू नका. देव हात मोजतो, कारणं आपण मोजतो. पाटील गुडघाभर पाण्यात त्या भगदाडाला पाठ लावून उभा राहिला, बायांनी तबकं फेकून ओंजळीमागून ओंजळ दिली, कुणी छपराच्या झावळ्या ओढून चिखलात घातल्या. बामी फक्त सांगत होती, ठोका, नुसता टाकू नका, ठोका. दोन तास! भरती ओसरली तेव्हा धार थांबली होती आणि टेकडी संपली होती.

आणि टेकडीखालचीही माती निघाल्यावर बांधेश्वर पहिल्यांदाच पायापर्यंत दिसला. मंडळी, लोकांना वाटायचं की देव म्हणजे वाटीएवढा दगड. तो निघाला माणसाएवढा! वर रुंद, खाली निमुळता, तिरपा बांधात घुसवलेला. त्याच्या कडेने चिखल ठोकलेला, आणि त्या चिखलात काळा पडलेला पेंढा. धाकू गुरव गुडघ्यावर बसला. त्याने त्या दगडावरून हात फिरवला. म्हणाला, “पाटील, ह्यो त खांडीन बसवलाय.”

कुणाच्या तरी पणजोबाने, अशाच उधाणात, खांड बुजवायला तो दगड घातला होता. गाव वाचलं, म्हणून त्या दगडाला शेंदूर लागला. ज्या देवाला भोकात घातलेला हात चालत नव्हता, तो देव स्वतः भोकात पाय घालून उभा होता! पिढ्यान् पिढ्या. ना हलता, ना बोलता. आणि आपण त्याला काय दिलं? हळदीकुंकू लावलेला पेढा.

पाटील चिखलाने माखलेला तसाच उभा राहिला. बामीकडे त्याला बघवेना. पंचांना म्हणाला, “शेत बामीचा हाय. लिवा तसा.” बामीने मान हलवली. आभार मानले नाहीत. कशाला मानायचे? शेत तिचंच होतं.

मग काय, गाव सुधारलं? तुम्हाला फार घाई असते सुधारायची. दुसऱ्या दिवशी गावाची सभा झाली. सभेत ठरलं की देवाने किती दूरदृष्टीने चाळीस वर्षं माती साठवून ठेवली! म्हणजे आपली प्रथाच बरोबर होती! काथोर पाटलाला श्रीफळ दिलं. टेकडी पुन्हा उभारायची म्हणून एक कमिटी नेमली. आणि बामी? ती सभेला नव्हती, बांधावर होती. फरक एवढाच पडला की सभा सुटल्यावर साठातली अकरा घरं तिच्याबरोबर गोळे घेऊन बांधावर गेली. अकरातला एक काथोर पाटील. अकरातला एक धाकू गुरव. बामी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पण ते गाव अजून भात खातं, ते त्या अकरा घरांच्या हातांवर. उरलेली एकोणपन्नास घरं सत्काराला असतात.

हसलात? छान. आंबेखारचे लोक कसे मूर्ख, नाही का?

आता माझं ऐका. आज दुपारी मी तुमच्या ओढ्यावरच्या साकवावरून आलो. मधली एक फळी नाही. अध्यक्षांनी माझा हात धरला, म्हणाले, बुवा, जपून हं, इथे फळी नाही, तीन वर्षं झाली. किती प्रेमाने सांगितलं! तीन वर्षं तुम्ही सगळे एकमेकांना असंच प्रेमाने सांगताय, जपून हं. शाळेतली पोरं उडी मारून जातात. मागच्या पावसाळ्यात अनसूयाबाईंचा पाय तिथेच मोडला, त्या आज कीर्तनाला आल्या नाहीत, येऊ शकत नाहीत. तुम्ही त्यांच्यासाठी देवाजवळ दिवा लावलात. चांगलं केलंत. फळी कुणी लावली?

आणि मी? मी मोठा शहाणा! मी तीन वर्षं त्या साकवावरून येतोय, फळी ओलांडून येतोय, आणि इथे उभा राहून तुम्हाला चिकाटीवर आख्यान सांगतोय. मंडळी, हे आख्यान म्हणजेही पेढाच आहे. हळदीकुंकू लावलेला. मी गोड करून दिला, तुम्ही गोड मानून घेतला, आणि दोघेही घरी जाणार, पुण्य झालं म्हणून.

नाही जायचं. देवा, तुझी आरती आज थोडी थांबेल, तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे. बाहेर अजून दोन तास उजेड आहे. देवळामागे सागाची एक फळी पडलेली मी बघितली आहे.

हातोडी कुणाच्या घरी आहे?